तीन नंबरचं तोंड

१२ जानेवारी

फोटोची खरी किंमत आज मांडून बघितली. चौकटीसाठी माझ्याच घराचं मागचं दार गेलं, त्यामुळे मागच्या खोलीत आता वारा शिरतो. काच बसवताना सुताराचा अंगठा कापला, चार टाके. जुनी फिल्म मिळवायला फोटोवाल्याच्या विधवेकडे सात फेऱ्या, आणि दर फेरीला तिच्या जावयाचं दुखणं पहिल्यापासून. भिंतीवर चढवताना माझी कंबर धरली, ती अजून सुटलेली नाही. दारावरून बायको तीन दिवस बोलली नाही, ते मात्र मी फायद्यात धरतो.

पण काय दिसतो फोटो! पुरुषभर उंच. मी एकोणतीस वर्षांचा, तीन नंबरच्या तोंडापाशी गुडघे टेकून बसलोय, कान हवेच्या पाइपला. मागे विटांची भिंत कमरेपर्यंत आलेली, कमानीवर चुन्याने काढलेला ३. खाली मी पाटी करून घेतली आहे: ‘या कानांनी एकशे चौदा माणसं वाचवली.’

बढाई नाही, घडलं ते असं. एकेचाळीस वर्षांपूर्वी तीन नंबरमध्ये छत कडकडलं, ते सगळ्यांच्या आधी मला ऐकू आलं. मी बोंब ठोकली, माणसं पळत सुटली, पाठोपाठ आत आग लागली. दुसऱ्या दिवशी आग गुदमरवायला तोंड विटांनी बंद करायचं ठरलं. तर एक बाई रडत उभी, नवरा घरी आला नाही म्हणून. मॅनेजर म्हणाला, बोलवा अठ्ठाविसाला, त्याच्यासारखे कान कुणाचे नाहीत. मी पाइपला कान लावला. वर्तमानपत्राचा फोटोवाला ओरडला, “तोंड उजेडाकडे करा हो, काळं येतंय!” केलं. मग मी उठून सांगितलं, “पाइप थंड होतोय साहेब. आत कुणी नाही.” भिंत वर गेली.

अठ्ठावीस हा माझा बिल्ला. खाणीत नावं आईबापांपुरती, बाकी सगळे आकडे. सुरुवातीला याच खोलीत दिवे पुसायचो, तेव्हा पायात चप्पल नव्हती. खाण बंद पडली, मी सिमेंटचं दुकान टाकलं, आणि आता हीच दिव्यांची खोली विकत घेऊन तिच्यात खाणीच्या आठवणींचं दालन करतोय. आठ फेब्रुवारीला उद्घाटन.

ही बघायला आली. म्हणाली, “एकशे चौदा माणसं ऐकू आली, आणि पीठ संपलंय हे सकाळपासून सांगते ते नाही आलं?”

मी म्हटलं, “तू डावीकडून बोलतेस.”

१५ जानेवारी

जुन्या माणसांच्या आठवणी सूनबाईच्या फोनवर रेकॉर्ड करतोय. लोकांना बोलतं करणं हे माझं काम. माणूस आपल्या उजव्या हाताला बसवायचा, गुडघ्यावर थाप मारायची, आणि गप्प राहायचं. तिसऱ्या मिनिटाला तो पोटातलं ओकतो.

आज कंप्रेसरवाला. वय ब्याऐंशी, दात शून्य, तोरा शाबूत. खाणीत हवा सोडायचं यंत्र तीस वर्षं चालवलं त्याने.

“भिंत बांधत होते ना, तेव्हा मी पाइपाच्या दुसऱ्या टोकाला होतो. टक टक टक. मग थांबायचं. परत टक टक टक. लोखंड आकसतं रे, पण मोजून नाही आकसत.”

“मग तेव्हा काय तोंडात गुळणी धरली होतीस?”

“बोललो की! मॅनेजर म्हणाला, अठ्ठाविसाला विचारा. तू म्हणालास थंड होतोय. तुझ्यापुढे माझं कोण ऐकतं?”

हसलो. तीस वर्षं त्या धडधडीशेजारी बसलेला माणूस, बायकोने ताट आपटलं तरी मान वळवत नाही, आणि याला म्हणे टकटक ऐकू आली. सूनबाईला सांगितलं, एवढा तुकडा काढून टाक.

ती म्हणाली, “मोजून म्हणाले ते, बाबा.”

म्हटलं, “म्हाताऱ्यांना मोजायला बोटंच उरलेली असतात. काढ.”

१९ जानेवारी

आज बिल्ल्यांचा फळा लागला. मूळचाच आहे, भंगारवाल्याकडून सोडवला. एकशे चौदा खिळे, एकशे चौदा पितळी बिल्ले. घासून घेतले, आता सोन्यासारखे चमकतात. सगळे आहेत, एकसष्टचासुद्धा.

आताच्या पोरांना कळावं म्हणून शेजारी माहिती लिहिली. खाली उतरताना आपला बिल्ला खिशात, वर आल्यावर खिळ्याला. रिकामा खिळा म्हणजे माणूस आत. साधा हिशेब, अडाण्यालाही कळेल असा.

आमची गंमत मात्र माहितीत लिहिली नाही, इथे लिहितो. पाळी सुटली की फळ्यापाशी ही रांग. म्हणून सहाजणांच्या टोळीत एकाने सगळ्यांचे बिल्ले गोळा करायचे आणि अर्धा तास आधी वर सटकायचं. बाकीचे आले की रांगेत न थांबता थेट आंघोळीला. नियमाने बंदी होती, पण करत सगळे होते, मुकादमसुद्धा. दिवस वाटून घेतलेले. आगीच्या दिवशी पाळी माझी होती. सहा बिल्ले खिशात खुळखुळत निम्म्या चढावर आलो होतो, तोच छत कडकडलं. ओरडलो, पळालो, आणि वर आल्यावर एवढ्या धुरात, एवढ्या गोंधळात, हाताने आपोआप सहाच्या सहा बिल्ले जागच्या जागी लावले. बघा, सवय काय असते! मॅनेजरने फळा बघितला, एकही खिळा रिकामा नाही. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

त्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. ती थाप अजून जाणवते.

२४ जानेवारी

एकसष्टची पोर आली होती. आता पन्नाशीला टेकलेली बाई आहे, इस्पितळात काम करते, पण माझ्यासाठी पोरच.

एकसष्ट आमच्याच टोळीतला. कमी बोलणारा, खांब ठोकण्यात पटाईत. आगीनंतर जो गायब झाला तो आजतागायत. पाइपापाशी रडणारी बाई म्हणजे त्याचीच बायको. त्याने आदल्याच आठवड्यात नवे जोडे घेतले होते. भिंत झाल्यावर पगाराच्या रांगेत मी सहज बोलून गेलो, “जोडे नवे, वाट नवी, मग बायको तरी जुनी कशाला?” काय हसली रांग! गावाने ते असं उचललं की पोरीला शाळेत ‘जोडे’च म्हणायचे. एकेचाळीस वर्षं टिकलेला विनोद गावात दुसऱ्या कुणाचा असेल तर दाखवा.

“काका, आई आता फार दिवसांची नाही. तिचं एकच मागणं आहे. तुमच्या फळीवर सतरा नावं आहेत ना खाणीत गेलेल्यांची? बाबांचं अठरावं लिहा. ती वाचेल आणि जाईल.”

“अगं पोरी, मेलेल्यांची फळी आहे ती. गेलेल्यांची कशी लिहू?”

तिने पिशवीतून खोकं काढलं. आत काळे जोडे. तळ कोरे, टाच न झिजलेली, बोटांत कोंबलेला कागद त्या महिन्याच्या वर्तमानपत्राचा. वरचं कातडं मात्र आरशासारखं.

“पळून जाणारा माणूस हे ठेवून जाईल, काका? आईने तेव्हाच खाणीच्या कचेरीत नेऊन दाखवले होते.”

ते आठवत होतं मला. तेव्हाही मीच म्हणालो होतो की दोन जोड घेतले असतील. आज तसं म्हणालो नाही. वयाने माणूस मवाळ होतो.

समजुतीच्या सुरात सांगितलं, “हे बघ, त्याचा बिल्ला फळ्यावर होता. तो वर आला होता. आज तुला हो म्हटलं तर उद्या कुणीही जोडे घेऊन येईल.”

“तो बिल्ला लावला कुणी?”

“लावणाऱ्याने,” म्हटलं, आणि चहा मागवला. ती थांबली नाही.

जेवताना तो प्रश्न परत आठवला. लावला मीच. पण मी सहा लावले म्हणजे सहा वर आलेच असणार. वर न आलेल्याचा बिल्ला मी लावेनच कसा? हे दोनदा मनात फिरवून बघितलं, कुठे फट दिसली नाही. तरी वरण जास्तच खारट लागलं. ही म्हणते, तिने मीठ घातलंच नव्हतं.

२७ जानेवारी

हिच्या कटकटीला कंटाळून कान तपासायला इस्पितळात गेलो. तपासणारी कोण, तर एकसष्टची पोर! काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर ते यंत्र चढवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाला तर मी पियानो वाजवल्यासारखं दाबलं. मग बराच वेळ नुसतीच शांतता. मला वाटलं यंत्र बिघडलं.

तिने कागद पुढे ठेवला. “उजवा वयाच्या मानाने फारच चांगला आहे, काका. डाव्याने काहीच नाही.”

“काहीच म्हणजे?”

“काहीच. थोडंही नाही. हे म्हातारपणाचं नाही, पडदा जुना फाटलेला आहे. कधी काही झालं होतं?”

सांगितलं. एकदा दगड फोडायचा बार वेळेआधी उडाला होता, मी डाव्या अंगाला होतो. रक्त आलं होतं थोडं. खाणीत एवढं तेवढं चालायचंच.

“कधीची गोष्ट?”

“तीन नंबर बंद झाल्याच्या पुढच्या वर्षीची.”

तिने मान हलवली, लिहून घेतलं. मान खाली घालून म्हणाली, “आई तुमची आठवण काढते. एकदा येऊन जा. नाव राहू दे, नुसतं बसा तिच्याजवळ.”

पोर मोठ्या मनाची. उगाच नाही म्हणत मी, लोक माझ्याकडे मन मोकळं करतात.

२ फेब्रुवारी

एकसष्टच्या घरी जाऊन आलो. दोन खोल्या, भिंतीला लावलेला पलंग, उशाशी औषधं, आणि पलंगाखाली ते खोकं, शेजारी पॉलिशची डबी नि एक मऊ फडकं. वहिनी म्हणजे आता नुसती चादरीखालची घडी उरली आहे. मी खुर्ची फिरवून तिला उजव्या हाताला घेतलं.

“या भाऊजी. दालन मोठं केलंत म्हणे.”

“तुम्ही बऱ्या व्हा, तुम्हालाच पहिलं तिकीट.”

ती हसली. थोड्या वेळाने माझं मनगट धरलं. हात हलका, पकड पक्की.

“एक विचारू? एकेचाळीस वर्षं विचारीन म्हणते. त्या दिवशी पाइपात तुम्हाला काही ऐकू आलं होतं का? अगदी थोडं? गर्दी होती, मॅनेजर होता, नसाल बोललात. मी नाही राग धरणार. आता मला तेवढंच हवंय.”

पोर दारात उभी होती. ती माझ्याकडे अशी बघत होती की मला कळलं, खोटं बोललो तर चालणार आहे. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. पण मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलायचं नाही, हे मी आयुष्यभर पाळलंय.

“नाही वहिनी. शप्पथ घेऊन सांगतो. काहीच नव्हतं. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नाही.”

“तुमचे कान…”

“माझे कान कसे आहेत ते गाव जाणतं.”

तिने हात सोडला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “म्हणजे गेलाच म्हणायचा. आणि मी दर आठवड्याला घासत बसले.” मग पोरीला, “ते टाकून दे गं बाहेर.”

निघताना पोर दारापर्यंत आली नाही.

वाटेत वाटलं, हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मग भिंत? ‘हो’ म्हटलं की भिंत आली. एका शब्दाने केवढी ओढाताण. खरं बोललो तेच बरं.

५ फेब्रुवारी

वहिनी गेली. दोन तारखेनंतर भिंतीकडे तोंड करून पडली होती म्हणे, पाणीसुद्धा नको म्हणायची. मी गेलो, खांदा द्यायला पुढे झालो. पोरीने हळूच माझा हात बाजूला केला. लोकांना वाटलं, माझ्या कमरेची काळजी.

६ फेब्रुवारी

दालनाला द्यायला कंपाउंडर आपली जुनी वही घेऊन आला. खाणीच्या दवाखान्यात हा मलमपट्टी करायचा. वर्षावर्षाची वही, कोपरे उंदरांनी खाल्लेले, अक्षर मोत्यासारखं. कुणाचं बोट, कुणाचा डोळा, सगळं तारीखवार. दोघं मिळून पानं उलटत होतो, हसत होतो. मुकादमाच्या ढुंगणावरचं गळू तीन पानं चाललंय.

तेवढ्यात त्याने बोट ठेवलं. “हे बघ, तू.”

‘२४ जून. नं. २८. बार वेळेआधी उडाला. डाव्या कानातून रक्त. त्या कानाने ऐकू येत नाही. खाली पाठवू नये.’

“साल चुकलंय तुझं,” मी म्हटलं. “ते पुढच्या वर्षी झालं.”

“माझं साल? वहीवर छापलेलं आहे रे. ही आगीच्याच वर्षाची वही. आग ऑगस्टात. तूच माझे पाय धरले होतेस, वर कळवू नको, खालचं काम जाईल, बायको पोटुशी आहे. मी नाही कळवलं.”

पोटुशी. थोरला त्याच वर्षी दिवाळं काढायला जन्मला, हे खरं.

कंपाउंडरने चष्मा पुसला. “मला तेव्हा रात्रभर झोप नव्हती, माहितीये? नंतर म्हटलं, जाऊ दे, एक कान तर धड आहे. तू पाइपाला लावलास तो उजवाच ना?”

“मग काय डावा लावीन? वेडा आहे का मी?”

“तेच म्हटलं,” तो म्हणाला.

वही कपाटात ठेवली. उद्घाटनाच्या दिवशी बाहेर मांडायची नाही, उंदराने खाल्लेली वाईट दिसते.

८ फेब्रुवारी

उद्घाटन झकास. दोनशे माणूस. आत यायला चपला-बूट बाहेर काढायचे, मीच ठरवलं, फरशी नवी आहे. जिल्ह्याहून आलेल्या मोठ्या साहेबांनी फीत कापली, माझ्या फोटोपुढे उभे राहिले आणि पाटी मोठ्याने वाचली. टाळ्या किती वेळ वाजल्या! कंप्रेसरवाल्याने मात्र वाजवल्या नाहीत, पण त्याला वाचलेलं ऐकू तरी आलं असेल का.

एकसष्टची पोर आली. येईल असं वाटलं नव्हतं. सतरा नावांच्या फळीखाली तिने ते काळे जोडे ठेवले, नीट जोडून, नाकं लोकांकडे करून. आणि फोटोपुढे जाऊन उभी राहिली. बराच वेळ. मी जवळ गेलो, सांत्वनाचं काही बोलणार होतो.

“काका, हा तुमचा कुठला कान आहे?”

“उजवा,” म्हटलं.

तिने मान हलवली, जशी परवा काचेच्या खोलीत हलवली होती, आणि गेली.

मोठ्या साहेबांच्या बाई विचारत होत्या, जोडे आत कुणाचे राहिले? मी शिपायाला खूण केली. त्याने उचलून बाहेर बाकीच्या चपलांत ठेवले.

९ फेब्रुवारी

सकाळी दालन उघडायला गेलो. बाहेरच्या पायरीवर एकच जोड उरला होता. उचलून आत आणला. कुठे ठेवावा सुचेना, हातातच राहिला.

फोटोपुढे उभा राहिलो. एवढे दिवस मी त्यात तोंडच बघत होतो. काय तरणाबांड दिसत होतो. वर्तमानपत्रातलं जुनं कात्रण पुसट, त्यात नुसता काळा डाग होता. यात कानाची पाळीसुद्धा दिसते.

बाकाला पाइप समजून त्याच बाजूने गुडघे टेकून बघितलं. कंबर कळवळली. आधी उजवा कान लावला, तर तोंड भिंतीकडे गेलं. फोटोवाल्याचा आवाज आठवला, आणि तोंड उजेडाकडे केलं.

उठलो. म्हटलं, छापताना फोटो उलटा झाला असेल. होतं असं. मोठा करून देणाऱ्याने दोनदा बिघडवलाच होता, तिसऱ्यांदा फिल्म पालथी घातली असेल.

कमानीवरचा चुन्याचा ३ सुलटा आहे.

पाइपला लावलेला कान डावा आहे.